आसरांची पहिली जागा

अन्नपूर्णाबाईंना कोणी काही विचारलं, की त्या आधी हातातलं काम खाली ठेवत. तव्यावर पोळी असली तर उतरवत, गॅस बारीक करत, पदराला हात पुसत आणि मगच बोलत. बोलत म्हणजे तरी काय, उलट एक प्रश्न विचारत. सुनेनं "भाजी कायची करू?" म्हटलं की "घरात काय हाये?" शेजारणीनं "यंदा काय पेरता?" म्हटलं की "तुमी काय पेरून राह्यले?" ही सवय सासरी आल्यापासूनची. आपलं मत कोणाच्या हाती दिलंच नाही, तर ते उद्या आपल्यावर उगारलंही जात नाही, हे त्या फार लवकर शिकल्या होत्या. गावात त्यामुळे त्यांचं नाव चांगलं होतं. "बाई असावी तर अशी, तोंडातून शब्द नाई," असं लोक म्हणत. ते ऐकणं त्यांना नकोसं होई, पण तेही त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. लग्न होऊन त्या मेहकर तालुक्यात, जानेफळजवळच्या या गावात आल्या. नवरा महादेवराव शांत, सासरे तापट, सासू रुखमाबाई देवभोळी पण हुकमी. वावर गावाला लागून, मेहकरच्या रस्त्याकडेला, आणि वावराच्या खालच्या अंगाला नाला. तो तेव्हा त्यांच्या वावरात कोपरासारखा आत वळायचा आणि मग पुढे जायचा. त्या वळणात जमिनीचा एक काळाभोर तुकडा अडकला होता. सासऱ्यांना तो जेवताना दिसे, झोपताना दिसे. शेवटी एका उन्हाळ्यात त्यांनी बैलजोड्या लावल्या, माणसं लावली, पलीकडच्या गायरानातून सरळ चारी खोदली आणि वळणाच्या तोंडाशी दगडमातीचा बांध घातला. नाला मुकाट्यानं नव्या वाटेनं गेला. हरकत कोणी घेतली नाही. घेणार कोण? नाल्याकाठच्या ज्याच्या त्याच्या वावराचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, आधीच थोडाथोडा पाण्याकडे सरकलेला होता.

अडचण झाली ती रुखमाबाईंची. जुन्या वळणाच्या काठी सात आसरा होत्या. शेंदूर फासलेले सात लहान दगड, पाण्याच्या देवता. बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडते ती पहिल्यांदा यांच्यापाशी येते, तान्ह्या लेकराला त्यांच्या पायाशी घालते, नाहीतर आसरा लेकराला धरतात, असं सगळं गाव मानत होतं. आता पाणी निघून गेलं आणि आसरा कोरड्यात बसल्या. रुखमाबाईंना अन्न गोड लागेना. आषाढातल्या एका मंगळवारी त्यांनी नव्या सुनेला उपाशी ठेवलं, स्वतः उपाशी राहिल्या, दोघी ओल्या लुगड्यानं वावरात गेल्या आणि टोपल्यात घालून ते दगड नव्या काठावर नेऊन मांडले. उचलण्याआधी रुखमाबाईंनी हात जोडले होते. "बायांनो, तुमाले उठवून राह्यलो. पण तुमची पयली जागा आमी विसरणार नाई. आमच्या घरचं हळदकुंकू पयले इथं पडन, मंग तिकडे."

तेव्हापासून त्या घरच्या बायकांचा तो नेम झाला. आधी कोरड्या वावरातल्या एका जागी हळदकुंकू वाहायचं आणि मग काठावर जाऊन पूजा करायची. पुरुष या पूजेला येत नसत, त्यामुळे त्यांना याचा पत्ता नव्हता. रुखमाबाई गेल्या, सासरे गेले, नाला फिरवल्याचं ज्यांनी पाहिलं होतं त्यातलेही बरेच गेले. गायरानावर घरकुलं झाली, त्यांची एक गल्ली झाली. मोठा पाऊस झाला की थोडं पाणी अजूनही जुन्या वळणात येऊन पसरायचं, चार दिवस चिखल राहायचा, मग ओसरायचं. ओल्या वावराचं कोणी मनावर घेत नसे.

अन्नपूर्णाबाईंच्या मुलानं, हर्षलनं, मात्र ते मनावर घेतलं. रस्त्याकडेची जमीन अशी पडून का ठेवायची? तिथे मंगल कार्यालय काढायचं त्यानं ठरवलं. मुरमाच्या गाड्या येऊ लागल्या. जुनं वळण भरलं, त्यावर प्लिंथ आली, नाल्याच्या कडेनं पक्की भिंत आली, कॉलम उभे राहिले, मागच्या अंगाला स्टेज आणि एक खोलीही झाली. पहिली गाडी रिकामी झाली तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी महादेवरावांना विचारलं होतं, "तिथंच बांधाचं म्हणते का तो?"

"मंग कुठी बांधन? तुह्या माहेरी?"

"नाई, तिथून नाला होता ना."

"होता," महादेवराव म्हणाले, "आता नाई. तू चूप राह्य. पोरगं कामाले लागलं हाये, त्याले लागू दे."

त्या चूप राहिल्या. हर्षलला कोणी काही सांगितलं नाही, आणि त्यानंही खोदून विचारलं नाही. त्याच्या जन्माआधीची ती गोष्ट; त्याच्या लेखी नाला होता तिथेच होता.

त्या पावसाळ्यात पाण्याला पसरायला जागा उरली नाही. जोराचा पाऊस झाला आणि पाणी भिंतीला धडकून पलीकडच्या काठावर चढलं, घरकुलांच्या गल्लीत शिरलं. चुली विझल्या, धान्य भिजलं, शेळ्या वाहून गेल्या. धम्मशीला त्याच गल्लीतली. ती गावची आशाताई, आरोग्य खात्याची कार्यकर्ती. तिच्या सासूला उठता येत नव्हतं. म्हातारीची खाट चौघांनी उचलून शाळेत नेली. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या लोकांनी तहसीलमध्ये तक्रार दिली. नैसर्गिक नाल्यात भराव टाकून प्रवाह अडवला आहे, तो मोकळा करून द्यावा.

तीच धम्मशीला पुढच्या उन्हाळ्यात रुपालीला, हर्षलच्या बायकोला, बाळंतपणासाठी मेहकरला घेऊन गेली, आणि बाळ घरी आल्यावर त्याचं वजन करायला दर आठवड्याला येत राहिली. हर्षल घरात असला की ती पायरीवरूनच बोलायची. नसला की आत येऊन बसायची.

"चांगलं भरलं वं वजन," झोळीतल्या बाळाकडे पाहत ती रुपालीला म्हणाली. "अंगावरचंच पाजजो. बाहेरचं काही देऊ नको."

"चहा घेतेस काय?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"घेतो ना. भांडण नाल्याचं हाये, चहाचं थोडीच हाये?" धम्मशीला हसली. मग कपात पाहत म्हणाली, "परवा पाहणीले येऊन राह्यले म्हणे. येऊ द्या. पण आमचं काय होते? आमच्या गल्लीतले म्हातारे सांगते, नाला तुमच्या वावरातून वळत होता. त्याइचं कोण ऐकते? तुमच्याकडून तर देवच साक्ष देऊन राह्यले."

"म्हंजे?"

"म्हंजे आसरा. आसरा काठावर बसल्या हाये, म्हंजे काठ तोच, असं हर्षलभाऊ सांगत फिरते. नकाशात नाला हाये, पण मोजाचं कुठून? जुने हद्दीचे दगड तर कवाच उपटले लोकाइनं. राह्यल्या फक्त तुमच्या आसरा." तिनं कप खाली ठेवला. "आता तुमी सांगा माय, देवाच्या इरुद्ध आमी कसं बोलाव?"

अन्नपूर्णाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. पदराला हात पुसले. पण विचारायला प्रश्न सुचला नाही. "साखर बरोबर होती ना?" एवढंच त्या म्हणाल्या.

ती गेल्यावर त्या बराच वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. बोलावं तर पोराचं उभं काम आडवं होतं. न बोलावं तर पावसाळा तोंडावर आला आहे, आणि समोरच्या काठावरच्या म्हातारीची खाट पुन्हा उचलावी लागणार आहे. नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. मुलाशी बोलायची हिंमत नव्हती. देवापाशी बोलावं, तर देवाच्याच जागेचा प्रश्न होता.

त्याच दिवशी जेवताना हर्षल खुशीत होता. "बाबा, मले एक सुचलं. परवा मंगळवार. बाळाले सव्वा महिना होऊनच राह्यला. आसराची पूजा परवाच करून टाकू. साहेब लोक आले की त्याइच्या डोळ्यासमोर पूजा होईन. किती पिढ्यांचं ठिकाण हाये ते आपोआप दिसते. सांगाची गरजच नाई."

"बरोबर," महादेवराव ताटातून वर न पाहता म्हणाले.

"आई, तुले काय वाटते?"

"पूजेले तर बायाच जाते ना?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"जा ना. कोणी अडवलं? आमी बाजूले उभे राहू."

हर्षलला जे माहीत नव्हतं ते त्यांना माहीत होतं. रुपालीला त्यांनीच नेम शिकवला होता. भराव पडल्यावर सुद्धा दोघी आषाढात प्लिंथवर चढून, कॉलमांच्या मधे, अंदाजानं त्या जागी हळदकुंकू वाहून आल्या होत्या. का, ते रुपालीनं विचारलं नव्हतं. सासूनं सांगितलं, तिनं केलं.

मंगळवारी सकाळी रुपालीला न्हाऊ घालताना त्या म्हणाल्या, "आज थेट आसरापाशीच जाय वं."

रुपालीनं डोळ्यांवरचं पाणी निपटलं. "अन् पयली जागा?"

"आज राहू दे. लोक असन."

"पण आई, लेकराचं पयलं हाये." रुपालीचा आवाज एकदम बारीक झाला. "दुसऱ्या कवाचं असतं तर सोडलं असतं. याच्या अंगाले काही झालं तर? तुमीच सांगितलं होतं ना, पयले तिथं, नाई तर त्या रागावते म्हणून."

अन्नपूर्णाबाईंनी तांब्याभर पाणी तिच्या पाठीवर ओतलं. त्यांनाही भीती वाटतच होती. नातवाच्या अंगावरून वारं जाऊ नये म्हणून त्या स्वतः गेला महिनाभर दार लावून बसल्या होत्या. नको जाऊ असं पुन्हा म्हणायला जीभ उचलेना, आणि जा म्हणायलाही उचलेना. त्यांनी दुसरा तांब्या भरला.

पाहणीला तहसीलमधल्या अनुपमा मॅडम आल्या. सोबत मोजणीचा माणूस, तलाठी, आणि मागून अर्धं गाव. एका बाजूला गल्लीतली माणसं, त्यात धम्मशीला. दुसऱ्या बाजूला हर्षल, महादेवराव आणि कारभारी. हे कारभारी गावातले वयस्कर शेतकरी, नाल्याच्या वरच्या अंगाला त्यांचं वावर. हर्षलनं आसरांपाशी सतरंजी टाकली होती, दगडांना नवा शेंदूर लावला होता.

अनुपमा मॅडम भिंतीशी उभ्या राहून म्हणाल्या, "हे पाहा, नाला कोणाच्या मालकीचा नसतो. त्यात भराव टाकायचा, भिंत बांधायची, त्याची वाट बदलायची, तर आधी परवानगी लागते. परवानगी नसेल तर होतं तसं करून द्यावं लागतं. मला फक्त एवढंच ठरवायचंय, होतं कसं."

"इथंच होतं, मॅडम," हर्षल म्हणाला. "या आमच्या आसरा. माझ्या आजीच्या सासूच्या पूर्वीपासून. आसरा काठावरच असतात, हे इथलं लहान लेकरूही सांगेल."

"हाव, हाव," कारभारी म्हणाले. "आमी पोट्टे होतो तवापासून पाह्यतो. इथंच."

"आमच्या गल्लीतले म्हातारे वेगळं सांगते, मॅडम," धम्मशीला म्हणाली.

हर्षल तिच्याकडे वळला. "तुमी तर देव मानत नाई ना ताई? मंग आमचे देव कुठी होते हे तुमाले कसं माहीत?"

चार माणसं हसली.

"देव नाई मानत," धम्मशीला म्हणाली. "पाणी मानतो. ते घरात आलतं."

एवढ्यात रुपाली आली. हिरवं पातळ, डोक्यावर पदर, कुशीत बाळ, एका हातात ताट. मागे अन्नपूर्णाबाई नारळ घेऊन. हर्षल पुढे झाला, हातानंच मॅडमना दाखवू लागला, की ही पाहा आमची परंपरा. रुपाली सतरंजीपर्यंत आली, आणि तिथे न थांबता डावीकडे वळली. प्लिंथच्या पायऱ्या चढली.

"अवं, तिकडे कुठी? इकडे! इकडे ये!"

रुपालीला ऐकू आलं असणार, कारण तिची पावलं जरा भरभर पडू लागली. कॉलमांच्या मधून ती एका कडेला गेली, खाली बसली, नुसत्या मुरमावर हळदकुंकू वाहिलं, बाळाला त्यावर क्षणभर टेकवलं आणि कपाळ जमिनीला लावलं. बाळ रडायला लागलं. सगळं गाव पाहत होतं.

अनुपमा मॅडमनी विचारलं, "ताई, तिथे का?"

रुपालीनं पदर पुढे ओढला.

"चुकली ती, मॅडम," हर्षल हसत म्हणाला, पण त्याच्या कपाळावर घाम होता. "सव्वा महिना घरात कोंडून होती ना, दिशाच सुचेना तिले. नवीन हाये, तिले काय समजते? चाल वं, उतर खाली. काही अक्कल हाये का नाई?"

माणसं पुन्हा हसली, आता जास्त मोकळेपणानं. रुपाली उठून उभी राहिली. ती बाळाला थोपटू लागली. तिनं एकदा अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. मी बरोबर केलं ना, एवढंच त्यात होतं.

"आजी, तुम्ही सांगा," अनुपमा मॅडम म्हणाल्या. "सूनबाई तिथे का गेल्या?"

अन्नपूर्णाबाईंच्या हातात नारळ होता. तो त्यांनी भिंतीवर ठेवला. पदराला हात पुसले.

"तुमाले कायले पाह्यजे ते?" त्यांनी विचारलं.

"पाणी कुठून जायचं ते कळायला."

इतकं सरळ उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न उरला नव्हता. महादेवराव खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ त्यांना चाळीस वर्षांपासून पाठ होता. तो कळूनही त्या बोलल्या.

"ती चुकली नाई. मी शिकवलं तसंच केलं तिनं. आसरा पयले तिथं होत्या, ती बसली होती तिथं. माझ्या मामंजीनं नाला फिरवला, तवा माझ्या सासूनं अन् मी टोपल्यात घालून इकडे आणल्या. पाण्याबिगर कशा राहतीन म्हणून."

कारभारींना एकदम आठवण झाली की ढोरं पाण्यावर न्यायची आहेत, आणि ते निघाले. महादेवराव जमिनीकडे पाहत राहिले. मोजणीच्या माणसानं प्लिंथवर चढून हळदकुंकवाच्या जागी एक खुंटी ठोकली.

घरी आल्यावर हर्षल ओरडेल अशी त्यांची तयारी होती. तो ओरडला नाही. सोप्यावर उभा राहून त्यानं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमाले दोघाइलेही माहीत होतं?"

महादेवराव खाटेवर टेकले.

"पयली गाडी मुरूम पडला तवा माहीत होतं? पाया खोदला तवा? मी कॉलम उभे केले, सगळ्या गावात आसराचं नाव घेऊन फिरलो, अन् तुमी पाह्यत बसले? आज लोकाइपुढं सांगाले तोंड फुटलं तुले, आई. मले सांगाले काऊन नाई फुटलं?"

हा प्रश्न त्यांच्या सगळ्या आयुष्यावरच विचारल्यासारखा होता. मी विचारलं होतं तुझ्या बाबांना, असं म्हणता आलं असतं. पण विचारणं म्हणजे सांगणं नव्हे, हे त्यांना त्या घडीला पुरतं कळलं. "जेवतोस का?" असं त्यांच्या तोंडून निघालं आणि निघताक्षणी त्यांनाच त्याची चीड आली. हर्षल आत निघून गेला.

त्यानंतर घर तेच राहिलं, पण त्यात वावरायची जागा कमी झाली. हर्षल ताट घेऊन पुढच्या खोलीत बसे. महादेवराव चहा लागला की रुपालीला हाक मारत. रुपाली कामापुरतं गोड बोले, पण तिला नवऱ्याची आणि सासूची, दोघांची मर्जी सांभाळायची होती, ते तिच्या चालण्यातच दिसे. चक्कीवर दळण टाकायला गेलं तर बाया बाजूला सरकून जागा देत, जरा जास्तच जागा देत. "काय वं माय, आता नाले मोजाले जाता म्हणे?" एकीनं विचारलंच. नाल्याची मोजणी आता वरच्या अंगालाही होणार अशी बातमी होती, आणि वरच्या अंगाला कारभारींसकट अर्ध्या गावाचे धुरे होते. जे लोक तोंडातून शब्द नाही म्हणून त्यांना नावाजत, तेच आता म्हणत, म्हातारपणी बाईला काय बुद्धी झाली.

धम्मशीला बाळाच्या लसीचं सांगायला आली. दारातूनच हळू आवाजात म्हणाली, "आमच्या गल्लीतले तुमचा सत्कार करतो म्हणते."

"तसं काही करू नका, माय," अन्नपूर्णाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "मले याच घरात राह्याचं हाये."

धम्मशीलानं मान हलवली. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

पावसाच्या आधी तहसीलचा कागद आला. जुन्या प्रवाहात आलेलं बांधकाम आपण होऊन काढून घ्यावं, नाहीतर मशीन आणून काढण्यात येईल. नाला वावरात कुठून शिरत होता आणि कुठून बाहेर पडत होता, ते आता नक्की झालं होतं. मधल्या वळणापाशी मात्र नकाशाचा कागद घडीवर झिजलेला होता. ते वळण घरच्यांनी दाखवावं, मग मोजणीवाले येऊन पक्कं करतील, असं ठरलं. खुंटी ठोकली ती आसरांची जागा काठावरची. पण तिथून पाणी किती आत गेलं होतं हे नेमकं सांगणारं आता एकच माणूस होतं, अन्नपूर्णाबाई. महादेवरावांनी मला काही आठवत नाही असं लिहून दिलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी हर्षल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. पाहणीनंतर तो पहिल्यांदाच आईच्या समोर उभा होता. हातात चुन्याचा डबा.

"चाल. दाखव मले."

त्या उठल्या. दोघं वावरापर्यंत चालत गेले. प्लिंथच्या टोकाशी थांबून हर्षल म्हणाला, "आई, तू सांगशीन तेच ते धरणार हाये. पाह्य, खुंटीच्या बाहेरून सरळ गेलं तर पुढचे कॉलम जाते, जाऊ दे. मागची खोली अन् स्टेज वाचते. तेवढ्यात लहान हॉल होते. मी काय खोटं सांग म्हणून नाई राह्यलो. तुलेही एवढ्या वर्षाचं काय नेमकं आठवन?"

त्याच्या आवाजात धमकी नव्हती. धमकी असती तर त्यांना सोपं गेलं असतं. लहानपणी शाळेला न जाण्यासाठी पोट दुखतं म्हणून सांगायचा, तसा तो आवाज होता. त्या चालू लागल्या. शिरणाऱ्या तोंडापासून त्या कडेकडेनं निघाल्या, मागून हर्षल चुना टाकत आला. खुंटीपाशी पोचेपर्यंत रेघ सरळ होती.

तिथे त्या थांबल्या. पायाखाली मुरूम होता, टणक, सपाट. पण त्यांना त्याखालचा उतार ठाऊक होता. इथे धुणं आपटायचा दगड होता. इथून पुढे पाणी संथ व्हायचं, आणि पहिल्या उन्हाळ्यात, माहेरची आठवण येऊन रडू आलं की त्या घागर घेऊन मुद्दाम अगदी आतल्या टोकाला जाऊन बसायच्या, कारण तिथे घरातून कोणाला दिसत नसे. ते टोक आता स्टेजच्या पलीकडे, मागच्या खोलीच्या भिंतीत होतं. आठवत नाही म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं. सरळ चार पावलं टाकली असती तर संध्याकाळी पोरगं ताट घेऊन पुन्हा स्वयंपाकघरात बसलं असतं.

त्या आत वळल्या.

"आई."

त्या थांबल्या, पण मागे पाहिलं नाही. "नाला इकडून वळत होता, बाप्पा."

"थोडं कमी नाई होत?"

"नाई."

मग डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. "मंग तूच टाक," हर्षल म्हणाला आणि जाऊन एका कॉलमच्या बुडाशी, तोंड रस्त्याकडे करून बसला.

अन्नपूर्णाबाईंनी डबा उचलला. चुना हाताला झोंबत होता. कंबर वाकवून, मूठमूठ सोडत, त्या स्टेजच्या मधून गेल्या, मागच्या खोलीत शिरल्या, भिंतीपर्यंत गेल्या, भिंतीला हात लावून पलीकडे फिरल्या आणि दुसऱ्या अंगानं परत येऊ लागल्या. दर थोड्या अंतरावर उभं राहून श्वास घ्यावा लागत होता. रस्त्यावरून जाणारी माणसं गाड्या हळू करून पाहत होती. एकानं हर्षलला हात केला. हर्षलनं केला नाही.

त्या बाहेर पडणाऱ्या तोंडापाशी पोचल्या तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. हर्षल उठून आला. रेघेच्या कडेकडेनं चालत त्यानं ती पहिल्यापासून पाहिली. मागच्या खोलीत तो जास्त वेळ थांबला. बाहेर आला तेव्हा चेहरा घट्टच होता. परतीच्या अंगाला एका ठिकाणी त्यानं चपलेच्या टोकानं जमीन टोकरली.

"इथं रुंद होता का?"

"हाव. इथं ढोरं उतरायची."

"रेघ अरुंद पडली मंग. अन् फिकी हाये." त्यानं डबा हलवून पाहिला, तळाशी थोडा चुना उरला होता. तो त्यानं आईच्या पुढे धरला. "नीट टाक. मशीनवाल्याले दिसलं पाह्यजे."